पाखरांचं तास

आमच्या गावात कोंबड्यांचं दुखणं आलं, ते मी आणलं. तलावावरच्या पाखरांनी नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. तोंडाने तर अजून कुणापाशीच बोललेलो नाही, बायकोपाशीही नाही. बाकी काही लिहिण्याआधी ते लिहून टाकलं, कारण मला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी आधी तलावाचं वर्णन करत बसलो असतो, मग थंडीचं, मग वांग्याच्या भरताचं, आणि हे तेवढं राहून गेलं असतं. आजवर ते असंच राहून गेलं आहे.

परवा करकोचे आले. त्यांचा आवाज आधी येतो, पाखरं मागाहून दिसतात. सकाळचं ऊन अजून भिंतीवरून खाली उतरलेलं नव्हतं. मी ओट्यावर चहा घेत होतो आणि वर कुठेतरी कुर्र-कुर्र सुरू झालं, जणू आभाळात कुणी जुना रहाट फिरवतंय. मग उत्तरेकडून वाकडीतिकडी एक रेघ आली, तुटली, पुन्हा जुळली, आणि तलावाच्या बाजूला कलली. भाकरी थापता थापता बायको आतूनच म्हणाली, "आले बरं पाहुणे!" एवढ्यात गल्लीतली दोन-चार माणसं मोबाइल वर धरून बांधाकडे निघालीसुद्धा. आमच्या गावात करकोचे आले की कुणीतरी कुणाला तरी फोन करतोच. मुंबई-सुरतेला गेलेली पोरं तिकडून विचारतात, "आले का?" पिकाचं, पाण्याचं नंतर. आधी हे.

दोंडाईच्याकडून आमच्याकडे यायला लागलात की कपाशीची, मक्याची शेतं संपता संपता डाव्या हाताला मातीचा लांब बांध दिसतो. तो आमचा तलाव. तालुक्यात याच्याहून मोठे तलाव आहेत, खोलही आहेत. पण पाखरं आमच्याकडे उतरतात, आणि याचा आम्हाला गर्व आहे. तो मी लपवणार नाही. पलीकडच्या काठाला पाण्यात उभी असलेली बाभळीची राई आहे, तिच्यात रात्रीच्या मुक्कामाला बगळे असतात, पाणकावळे असतात. मधल्या पाण्यात थापट्या बदकं आणि चक्रवाक. काठाच्या चिखलात शेपूट उडवत फिरणारे धोबी. आणि संध्याकाळी भोरड्या, म्हणजे गुलाबी मैना. हजारोंनी येतात, आभाळात चादर झटकल्यासारख्या वळतात, आणि झटक्यात राईत शिरतात. नंतर कितीतरी वेळ राई आतून किलबिलत राहते. बाहेरगावची माणसं मोठाले कॅमेरे घेऊन येतात, तेव्हा आमचा सरपंच त्यांना चहा पाजतो आणि हे सगळं आपणच केल्यासारखा बोलतो. आम्ही त्याला बोलू देतो. त्यात थोडं आमचंही असतंच.

पण खरा मान नानांचा. नाना म्हणजे माझे थोरले बंधू. माझ्याहून बरेच मोठे, त्यामुळे मला वडिलांचा धाक वेगळा असा फारसा जाणवलाच नाही. तो नानांनीच पुरवला. आमचं तलावाकाठचं शेत दोघांत वाटलेलं, वरची बाजू त्यांची, खालची माझी. माझ्या बाजूला कोंबड्यांचं शेड, अंड्यांच्या कोंबड्या. नानांच्या बाजूला दरवर्षी दादर. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. पांढरीशुभ्र, मोत्यासारखी, तिची भाकरी एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्या ज्वारीला नावं ठेवतो. नानांच्या दादरीतलं तलावाच्या अंगाचं शेवटचं तास, म्हणजे पेरणीची शेवटची ओळ, पाखरांचं. नाना ते पेरायचे, निंदायचे, पण कापायचे नाहीत. सगळ्या शेतावर गोफण चालायची, त्या तासावर नाही.

लहानपणी मी त्यांना चिडवायचो. "नाना, पाखरांना काय माहीत कुठलं तास त्यांचं? सातबारा दाखवला का?"

नाना गोफणीत दगड बसवत म्हणायचे, "तुले हद्द समजत नही, बापू. त्यासले समजस."

आणि गंमत अशी, की खरंच समजायची. निदान आम्हाला तसं दिसायचं. नाना मचाणावर उभे राहून हाळी द्यायचे, गोफण फिरायची, आणि भोरड्यांचा थवा उठून त्या कडेच्या तासावर जाऊन पडायचा. कणसं हलायची, वाकायची. नाना गोफण खांद्यावर टाकून बघत बसायचे. घरी पंगतीत माणसं जेवताना यजमान बघतो ना, तसे.

हे तास आज का आठवतंय, ते सांगतो. पण त्याआधी तो हिवाळा.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेनंतरचा तो हिवाळा. गावात प्रत्येक घरात कुणी ना कुणी कमी झालेलं, किंवा मरता मरता परत आलेलं. दोन वर्षं माणसं माणसांपासून लांब राहिली होती, आणि आता सगळ्यांना भेटायची नुसती भूक लागली होती. लग्नं, जागरणं, नुसत्या गप्पांना जाणं. चोपड्याकडचा माझा मित्र दिलीप, त्याचंही कोंबड्यांचं शेड, त्याने फोन केला, "भो, दोन वर्षांत भरीत खाल्लं नाही तू माझ्याकडे. जिवंत आहेस ना? मग ये."

मी गेलो. सातपुड्याच्या पायथ्याचा तो गार, निळसर दिवस. केळीच्या बागेच्या कडेला तुरीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी, मोठाली भरताची वांगी. साल करपून फुटायची आणि आतला वास धुराबरोबर अंगावर यायचा. लाकडी बडगीत मिरच्या, लसूण, वांगी ठेचण्याचा आवाज. सोबत कळण्याची भाकरी, कांद्याची पात, तेलाची धार. माणसं जाळाभोवती मांडीला मांडी लावून बसली होती आणि कुणीच कुणाला "जरा लांब बस" म्हणत नव्हतं. मला तेव्हा खरोखर रडू आलं होतं. मी धुराकडे तोंड केलं, म्हणजे कुणी विचारलं नसतं.

जेवणानंतर दिलीपने शेड दाखवलं. आत शिरताच मला ऐकू आलं. कोंबड्या शिंकत होत्या. शिंक म्हणजे माणसासारखी नाही. चिक्-चिक् असा बारीक आवाज, मध्येच घशात पाणी अडकल्यासारखी घरघर. मी म्हटलं, "खोकतायत का रे?" दिलीप म्हणाला, "थंडीचं. दरसाल होतं." त्याच्या घरचं खाल्लेलं अजून हाताला लागलेलं होतं. त्याच्या कोंबड्यांना कशाला नावं ठेवायची?

निघताना त्याने दोन तलंगा, अंड्यावर यायला आलेल्या दोन तरण्या कोंबड्या, पाय बांधून माझ्या हातात दिल्या. "हा आमच्याकडचा वानोळा. घरी गेल्यावर सोड."

आमच्याकडे वानोळ्याला नाही म्हणत नाहीत. शेतातली पहिली वांगी, पहिल्या शेंगा, पहिला गूळ ज्याला द्यायचा त्याला देतात, आणि घेणारा तो दोन्ही हातांनी घेतो. नाही म्हणणं म्हणजे घराला नाही म्हणणं. त्या दोन वर्षांनंतर तर मुळीच म्हणता आलं नसतं. मी तलंगा घेतल्या. मला दिलीपच्या शेडातला आवाज ऐकू आला होता. तरी घेतल्या. घरी येऊन बायकोला दाखवल्यासुद्धा नाहीत; थेट शेडाच्या कोपऱ्यात जाळी लावून ठेवल्या आणि त्याच चपलांनी माझ्या कोंबड्यांत फिरलो.

आधी त्या तलंगा खोकल्या. मग कोपऱ्यालगतच्या कोंबड्या. मग रांगेने पुढे, पुढे. मी तलंगा कापल्या, राईमागे खोल पुरल्या, आणि कोपरा धुऊन काढला. पण शेडातला आवाज धुतला जात नव्हता. पहाटे दार उघडलं की पूर्वी कोंबड्यांचा एक भरलेला, समाधानी कलकलाट ऐकू यायचा. आता त्यात तो चिक्-चिक् मिसळला होता. मग अंडी बिघडली. कवच सुरकुतलेलं, कुठे वाकडं, कुठे बोटाने दाबलं तर आत जाईल इतकं मऊ. फोडलं तर पांढरा बलक पाण्यासारखा पसरायचा. काही कोंबड्या मेल्या, पण मरण्यापेक्षा वाईट ते हे होतं. कोंबडी जिवंत, डोळे मिटून बसलेली, आणि अंडं द्यायचं विसरलेली.

आठवडाभरात शेजारच्या लताअक्काच्या शेडात तेच. लताअक्का बचत गटातली, जिभेला धार असलेली बाई. नवऱ्यामागे शेड तिनेच उभं केलेलं. माझी अंड्यांची रिकामी तबकं तिच्याकडे जात, तिची माझ्याकडे येत. मग गावाच्या वरच्या अंगाची दोन शेडं.

दोंडाईच्याहून जनावरांच्या डॉक्टर मॅडम आल्या. तरुण, बारीक, बोलायला मऊ आणि विचारायला पक्क्या. त्यांनी कोंबड्यांच्या घशातले नमुने घेतले, तलावाच्या काठावरची पाखरांची थोडी विष्ठाही घेतली, आणि सगळं पुण्याला पाठवलं. लस दिली होती का विचारलं. दिली होती. त्या म्हणाल्या, या विषाणूचे प्रकार फार, एक लस सगळ्यांना पुरतेच असं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाहेरून काही आणलं होतं का? पिल्लं, कोंबड्या, कुणाच्या शेडवर जाऊन आलात का?"

नाना माझ्या शेजारी उभे होते. खांद्यावर टॉवेल, हातात विळा. मी म्हटलं, "नाही."

मॅडम म्हणाल्या, "नीट आठवा. बहुतेक वेळा हे दुखणं आपल्याच पायाने येतं. म्हणून विचारते."

मी पुन्हा बोलायच्या आत नाना बोलले. "मॅडम, आमना बापू खोटं बोलत नही."

बस. त्या क्षणानंतर माझं तोंड जे मिटलं ते मिटलंच. खोटं मी एका शब्दाचं बोललो होतो. त्यावर शिक्का नानांनी मारला होता. आता ते पुसायचं तर नानांचा शब्दही पुसला गेला असता. निदान तेव्हा मी स्वतःला असंच समजावलं.

पुण्याहून उत्तर आलं. कोंबड्यांत सापडला तो कोंबड्यांचा जुना घशाचा रोग, आणि त्याचा विषाणू कोरोनाच्या घराण्यातला. पाखरांच्या विष्ठेत काही सापडलं नाही. मॅडमनी बजावून सांगितलं, सापडलं नाही म्हणजे नाहीच असं नाही. नमुने थोडे होते. पण गावाने पुढचं काही ऐकलंच नाही. गावाने एकच शब्द ऐकला. त्या वर्षी तो शब्द पुरेसा होता. "कोंबड्यासले कोरोना झाया!" दुपारपर्यंत किराणा दुकानात, पिठाच्या गिरणीवर, शाळेच्या गेटवर तेच. अंडी कुणी घेईना. एका म्हातारीने माझ्या दारावरून जाताना तोंडाला पदर लावला. आणि संध्याकाळी मारुतीच्या पारावर गाव जमला.

ती सभा मी विसरणार नाही. एक म्हणाला, पाखरं कुठून कुठून येतात, सायबेरियातून, चीनमधून, त्यांनीच आणलं. दुसरा म्हणाला, मग त्यांना चौदा दिवस शाळेत ठेवा! हशा पिकला. "मास्क कोण बांधणार त्यांना?" "सरपंच बांधतील, त्यांना फोटो पाहिजे." पण हशाच्या खाली भीती होती. कुणी म्हणालं, तलावावर फटाके लावू. कुणी म्हणालं, बाभळीची राईच पेटवून द्यायची, म्हणजे मुक्काम बंद. आणि या बोलण्याला हळूहळू माना हलायला लागल्या.

मॅडम उभ्या राहिल्या. त्यांनी जे सांगितलं ते माझ्या डोक्यात जसंच्या तसं आहे. पहिलं, हे कोंबड्यांचं दुखणं माणसाला होत नाही. दुसरं, रानपाखरांत, विशेषतः पाण्यावरच्या, या घराण्याचे विषाणू असतात, हे खरं. ती ते अंगावर बाळगतात आणि बहुतेकदा स्वतः आजारी पडत नाहीत. काही कोंबड्यांच्या विषाणूचे भाऊबंद आहेत, आणि डुकरांच्या एका रोगाचे भाऊबंद तर चिमणीच्या जातीच्या पाखरांत सापडलेत. "पण कोणी कोणाला दिलं, हे भाऊबंदकीसारखंच असतं," त्या म्हणाल्या. "रस्ता दोन्हीकडून चालतो. कधी पाखराकडून कोंबडीला, कधी कोंबडीकडून पाखराला. राई जाळली तर पाखरं मरणार नाहीत, पांगतील. आणि दुसऱ्या गावाच्या शेडावर बसतील."

"मंग करानं काय?" वरच्या शेडवाला ओरडला. "आमी मरानं का?"

मी मान खाली घालून पाराच्या दगडातल्या फटीकडे बघत होतो. आता उठावं, असं वाटत होतं. उठलो नाही. उठले नाना.

नाना सभेत बोलणारे नव्हेत. त्यांनी टॉवेल काढून हातात घेतला. म्हणाले, "राईले हात नका लावा. पाखरे राईमा ऱ्हातस, पन खावाले मना शेतमा येतस. मी त्यासनासाठे तास पेरस. शेडना शेजारे. चूक मनी शे. ते तास मी कापी टाकस. राई राहू द्या."

मग लताअक्का बोलली, जिच्या शेडात निम्मे पिंजरे रिकामे पडले होते. "नाना कापी ऱ्हायनात ना? मंग झायं. राई आपल्या आख्ख्या गावनी शे. जो काडी लाई त्याले मी देखस."

राई वाचली. एवढं कबूल करायला मला लाज वाटत नाही की त्या संध्याकाळी माझा ऊर भरून आला होता. ज्या गावाने दोन वर्षं चिता मोजल्या, ते गाव भ्यालेलं असताना काडी खाली ठेवू शकलं. हे मोठं काम होतं, आणि ते माझ्या भावाने केलं. फक्त ज्या चुकीचा त्याने हवाला दिला, ती माझी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तास कापलं. दादर नुकती निसवली होती, कणसं अजून हिरवी, दुधाची. नाना वाकून एकेक ताट धरत, विळा ओढत, पुढे सरकत होते. मी मदतीला गेलो, तर म्हणाले, "राहू दे. तू तुन्या कोंबड्या देख." करकोचे आले, नेहमीच्या उंचीवरून घिरटी घेतली, खाली रिकाम्या पट्ट्यावरून पुन्हा एक घिरटी घेतली, आणि न उतरता पुढे गेले. नानांनी वर पाहिलं नाही. हिरवी ताटं त्यांनी बैलांना टाकली. बैलांनी ती आनंदाने खाल्ली, हेही मला आठवतं.

आणखी एक सांगायचंय, तेही याच कबुलीत येऊ दे. मॅडमनी सांगितलं होतं की शेडातलं कोंबडीखत बाहेर टाकू नका. ढीग करा, प्लॅस्टिकने झाका, उन्हाळ्यापर्यंत कुजू द्या. मला तो ढीग बघवेना. तो ढीग माझ्याकडे बघायचा. तलावाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात आम्ही हरभरा टाकतो, तिथे मी ते खत ओलंच पसरलं. दुपारी गेलो तर धोबी आणि टिटव्या त्यात टिपत फिरत होत्या. मी बांधावर उभा राहून बघत राहिलो. रस्ता दोन्हीकडून चालतो, मॅडम म्हणाल्या होत्या. पाखरांनी माझ्या कोंबड्यांना काही दिलं की नाही, मला माहीत नाही. मी मात्र माझ्या हाताने त्यांच्या पानात वाढलं होतं. ती उडाली, राईत गेली, पुढे कुठे गेली. त्यांना काही झालं का? कुणी सांगू शकणार नाही. शास्त्राच्या भाषेत तर मला दिलीपच्या तलंगांचंही सिद्ध करता येणार नाही. पण आधी कोण खोकलं, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

आता गर्वाचं बोलतो, कारण तो खरा आहे आणि तो माझ्या एकट्याच्या चुकीने उणा होत नाही.

त्या हिवाळ्यानंतर आमच्या गावाने शेडं बदलली. प्रत्येक शेडाच्या दारात चुन्याचा खड्डा. दारात शेडाच्या वेगळ्या चपला. घरच्या चपला बाहेर. कोंबड्यांना पाणी बोअरचं, तलावाचं थेंबभर नाही. कागदी तबकं एकदाच वापरायची. नवीन कोंबडी कुणाचीही असो, आधी लांबच्या खोपटात राहील, मग आत येईल. चपलांची टूम लताअक्काची. पहिल्या दिवशी मी सवयीने तिच्या शेडात पाऊल टाकलं, तर ती कडाडली, "बापू! चप्पल तठेच सोड! आठे तू आमदार नही!" आता शेजारच्या गावांतले शेडवाले बघायला येतात, आणि तीच त्यांना फिरवते, आमदारालासुद्धा चपला काढायला लावीन म्हणते. लावेल. तिचं शेड आता माझ्या शेडापेक्षा मोठं आहे. दुखणं पुन्हा आलं नाही. आणि पाखरं? ती येतातच. राईत भोरड्या शिरतात, थापट्या पाण्यावर डोकं खाली करून फिरतात. कोंबडी कोंबडीच्या जागी, पाखरू पाखराच्या जागी, आणि मध्ये जाळी. कुणाला न हाकलता हे जमवलेलं गाव मी दुसरं पाहिलेलं नाही.

ती जाळी मात्र बघा. माझ्या शेडाच्या खिडक्यांना नायलॉनची जाळी आहे. उंदीर कुरतडतात, वारा फाडतो. दर हिवाळ्यात करकोचे आले की नाना सुतळी आणि दाभण घेऊन येतात. न बोलावता. खिडकीखाली पोतं टाकून बसतात आणि एकेक भोक शिवत जातात, चिमणी जाईल एवढंसुद्धा ठेवत नाहीत. ज्या माणसाने आयुष्यभर पाखरांसाठी पेरलं, तो पाखरं आत येऊ नयेत म्हणून टाके घालत बसलेला असतो, आणि मी त्याला चहा नेऊन देतो. एकदा कॅमेरेवाल्या एका पोरीने त्यांना तासाबद्दल विचारलं. कुठून तरी ऐकून आली होती. नाना हसले. म्हणाले, "ते चुकनं मनं. भाऊना शेडनं नुकसान झायं." मी तिथेच होतो. चहाचा कप माझ्या हातात होता.

त्यांच्या दादरीच्या जागी आता मका असतो.

यंदा मी माझ्या बाजूला दादर पेरली. फक्त एक तास, तलावाच्या अंगाला, शेडापासून जितकं लांब जाईल तितकं लांब. कुणाला सांगितलं नाही. मक्याच्या आड ते दिसत नव्हतं. परवा करकोचे आले, नाना दाभण घेऊन शेडाकडे निघाले, आणि बांधावरून खाली बघत उभे राहिले. मीही जाऊन उभा राहिलो. मका कापलेला, आणि कडेला दादरीची एकच ओळ, कणसं बाहेर पडलेली, वाऱ्यात हलणारी.

"कोनी पेरं हाई?"

"मी."

नाना खाली उतरले, एक कणीस हातात धरलं, अंगठ्याने दाणा दाबून पाहिला. दूध आलं. त्यांच्या तोंडावर जे उमटलं ते मी लिहू शकत नाही. पण लगेच ते मावळलं. ते माझ्याकडे वळले. "कापी टाक, बापू. येडा झाया का? परत कोंबड्या मरतीन. मना जीव नको घेऊ आते."

"नाना, शेडाला जाळी आहे. सगळं वेगळं आहे. काही होत नाही."

"तास पेरतांना मी बी असंच म्हनेल व्हतं." त्यांनी कमरेचा विळा काढला. मी त्यांचा हात धरला. मोठ्या भावाचा हात मी आयुष्यात पहिल्यांदा असा धरला. मनगट केवढं बारीक झालंय, ते तेव्हा कळलं. "राहू द्या," मी म्हटलं. "एवढं साल राहू द्या." त्यांनी विळा खाली घेतला, पण म्हणाले, "दाना पक्का होवाना आधी कापी टाकजो. नहीते मी येसू." आणि जाळी शिवायला गेले.

मला तेव्हा सांगता आलं असतं. आम्ही दोघंच होतो. वरून रहाटाचा तो आवाज चालू होता. मी काय केलं, तर चहा आणायला गेलो.

इतकी वर्षं मला वाटायचं की सांगितलं तर नानांना धक्का बसेल, माझ्यावरचा त्यांचा विश्वास जाईल. परवा त्यांचं मनगट धरल्यावर कळलं की हे सगळं माझ्याच सोयीचं होतं. त्यांचा माझ्यावरचा विश्वास सांभाळायला मी त्यांचा स्वतःवरचा घालवला. ज्या गोष्टीचा त्यांनी सगळ्यांत जास्त अभिमान धरावा, ती गोष्ट ते आज चूक म्हणून सांगतात, परक्या पोरीला, हसून. आमच्या तलावाचा गर्व सरपंच करतो, लताअक्का करते, मी करतो. एक नानाच करत नाहीत.

करकोचे अजून शेतात उतरलेले नाहीत. सकाळी वरून फिरतात, तासावर एक घिरटी घेतात, आणि पुढे जातात. दाणा अजून दुधाचा आहे. तो टणक होईल, तेव्हा नाना विळा घेऊन येतील. ते बोललं की करतात. त्याच्या आत मला त्यांच्या ओट्यावर जायचं आहे.

तास मी परत पेरलं. ते सोपं होतं. नानांना मी एक वाक्य देणं लागतो: दुखणं पाखरांनी आणलं नाही, तुमच्या तासाने आणलं नाही, मी आणलं. ते मी अजून दिलेलं नाही.